पुलाच्या अलीकडचं पाणी

पाणी तपासणी प्रयोगशाळा, तिसरा मजला
४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला त्याचं कारण हात. मंगळवारपासून माझ्या हातांचा वास जात नाही. साबणाने धुतले, मिठाने चोळले, लिंबू लावलं, शेवटी इथलं स्पिरिट ओतलं. बाबा म्हणतात की वास हाताला नाही, डोक्याला आहे. असेल. पण पेन धरलं की तो नाकाशी येतो आणि मी पुन्हा मोरीकडे जाते.

मागच्या पत्रात लिहिलं होतं ना, की आमच्याकडे ‘आपण आणि शेजारी’ नावाचा अहवाल चालू आहे? दोन देश, एक नदी, दोन रकाने. डावीकडे आम्ही, उजवीकडे तुम्ही. (तुला ‘तुम्ही’ म्हणताना अवघडल्यासारखं होतं, जशी काही तू सोयऱ्यांपैकी आहेस.) नदी तुमच्या डोंगरातून उतरते आणि सीमेवरच्या पुलाखालून आमच्याकडे येते. म्हणून ‘शेजारी’ या रकान्यासाठी पाणी पुलावरून आणतात आणि ‘आपण’साठी साठ किलोमीटर खालून, शहराच्या वरच्या घाटावरून.

मंगळवारी पुलाच्या बाटल्या आल्या. पहिलीचं बूच काढलं आणि मी मोरीकडे धावलेच. पाणी तपकिरी. वर चरबीचा तवंग, आणि तवंगाला चिकटलेलं एक ओलं पांढरं पीस. तळाशी मऊसर काहीतरी होतं, ते मी चिमट्याने उचललं आणि काय आहे ते न बघता टाकून दिलं. न बघता टाकलं हे तुला कळवायलाच हवं, नाहीतर मला झोप लागणार नाही. जिवाणू तीन वेळा मोजले, कारण एवढा मोठा आकडा मी आजवर लिहिला नव्हता. तिन्ही वेळा तोच आला.

साहेब मात्र खुशीत होते. बाटली खिडकीशी उजेडात धरून म्हणाले की एवढासा देश, आपल्या एका जिल्ह्यात दोनदा बसेल, आणि घाण बघा कशी पोटभर करतो. सगळे हसले. मीही हसले, थोडीशी.

आत्या, रागावू नकोस, पण तुम्ही राहता कसे गं तिथे? तुझ्या पत्रांतून तो देश किती स्वच्छ वाटायचा. थंडगार हवा, पायऱ्यापायऱ्यांची शेतं, चाळीस घरांचं दूध आणि तुझं ते चकचकीत संकलन केंद्र. आता ते सगळं आठवलं की त्यावर तवंग दिसतो. याच पाण्यात तू दुधाचे कॅन धुतेस ना?

अहवालावर तपासणाऱ्याची सही म्हणून माझं नाव छापून येणार आहे. बाबांनी गल्लीत तिघांना सांगून झालं. साहेब म्हणाले की एक एप्रिलला मला कायम करतील.

पाणी वीस मिनिटं उकळून पीत जा. पाणी उकळ, लोभ मात्र आहे तसाच ठेव.

तुझी,
बारकी


दूध संकलन केंद्र
१६ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी उभ्या उभ्या वाचलं, मग बाहेर गेले, नळाखाली ओंजळ धरली आणि न उकळता प्यायले. मुद्दाम. हा नळ नदीवरच आहे. काही झालं असतं तर हे पत्र तुला दुसऱ्या कुणाच्या अक्षरात आलं असतं.

आता तुझ्या पिसाबद्दल. इथे या थंडीत कोंबड्या टिकत नाहीत. अख्ख्या गावात सात आहेत. सातही माझ्या ओळखीच्या आहेत, आणि त्यांपैकी कुणीही गेल्या महिन्यात अंघोळीला पुलापर्यंत गेलेली नाही. चरबीचं म्हणशील, तर आमच्याकडे ती माणसांच्याही अंगावर नाही. दिवसातून दोनदा एवढे चढउतार केल्यावर उरणार कुठून?

देशांची बरोबरीच करायची तर नीट करू. तुमच्या देशात एका टोकाला दिवस उगवतो तेव्हा दुसऱ्या टोकाला लोक घोरत असतात. आमच्याकडे दोन घरांमध्ये डोंगर आला की एकाला सकाळ होते आणि शेजाऱ्याला कंदील लावावा लागतो. तुमच्याकडे साहेबाला भेटायला चार खिडक्या ओलांडाव्या लागतात. आमच्याकडे साहेब दुधाच्या रांगेत पुढे उभा असतो, त्याच्या पाठीवर थाप मारून बोलता येतं, पण काम तुमच्याइतकंच होत नाही. इथे सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात, त्यामुळे कुणाची चूक कुणी काढत नाही. दोन वर्षांपूर्वी वरच्या वस्तीने मेलेलं वासरू ओढ्यात टाकलं. मी पाहिलं, बोलले, आणि तीन महिने माझ्याशी कुणी बोललं नाही. दूध आणायचे, कॅन दणकन ठेवायचे आणि तोंड फिरवायचे. तेव्हा आम्ही सगळे धुतलेले आणि तुम्ही मळलेले, असं मी म्हणणार नाही. पण पीस आमचं नाही.

मी इकडे येण्याआधीची आपली घरची शाळा तुला आठवते का? दम्यामुळे तुला शाळेत पाठवता येत नव्हतं, तुझी आई गेलेली, तुझा बाप दिवसभर चौकात शिट्टी वाजवत उभा. स्वयंपाकघरात पाटावर बसून तू वही उघडायचीस. डाव्या पानावर ‘पाहिलं’, उजव्या पानावर ‘ऐकलं’. एकदा तू ‘चंद्रावर खड्डे आहेत’ हे डावीकडे लिहिलंस. मी ते खोडून उजवीकडे लिहायला लावलं, तर दुपारभर हुंदके देत होतीस, की खड्डे खरे असूनही तुझ्याकडून काढून घेतले.

तेव्हा आता गृहपाठ घे. बाटली कुणी भरली? तो कुठे उभा होता? तू तिथे होतीस का?

उत्तर येईपर्यंत आशीर्वाद चालू आहेत, फक्त डोळे जरा वटारलेले आहेत.

तुझी आत्या


घर
२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू थोरली आहेस म्हणून हात जोडून लिहितो, नाहीतर या पत्राला शिट्टीच जोडली असती. पोरीची नोकरी कायम व्हायला एक महिना राहिलाय आणि तू तिला टपालाने गृहपाठ देतेस!

तुझं पत्र आल्यापासून ती जेवत नाही. ताटाला आधी नाक लावते. भात हुंगते, पाणी हुंगते, काल माझा सदरा हुंगला. नमुने गोळा करणाऱ्या त्या म्हाताऱ्या माणसाच्या, तिच्या त्या नमुनेकाकांच्या, मागे लागली आहे, की मला जीपमधून पुलावर न्या. साहेबांना हे आवडेल का? प्रत्येकाने आपल्या चौकात उभं राहावं, दुसऱ्याच्या चौकात डोकावू नये. तीस वर्षांच्या वाहतूक पोलिसाच्या नोकरीत मी एवढंच शिकलो आणि अंगावर एक ओरखडा न येता घरी आलो.

आणि खरं सांगू? पाणी तुमचंच घाण असणार. राग मानू नकोस. मोठ्या देशाला एक शिस्त असते. माझ्या एका चौकातून दिवसाला जेवढ्या गाड्या जायच्या तेवढी तुमच्या देशात माणसं नाहीत. तुमच्याकडे सिग्नल किती, तर एक, आणि तोही राजधानीत. बंद पडला तर म्हणे चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. हे तूच लिहिलं होतंस.

एक वाईट बातमी आहे, ती मीच दिलेली बरी. पंधरा मार्चपासून तुमच्याकडचं दूध पुलावरून येऊ देणार नाहीत. असल्या पाण्यात कॅन धुतात, असं कारण दिलंय. पेपरात अहवालाचा तक्ता छापलाय आणि त्याखाली आपल्या बारकीचं नाव आहे. माझ्या पोरीचं नाव पेपरात आलं आणि मी तो पेपर गादीखाली लपवून बसलोय, अशी वेळ आली.

तुझं दूध आज ना उद्या सुरू होईल. पोरीची नोकरी एकदा गेली की गेली. तिला गप्प बसायला सांग. ती माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. रागावलीस तरी लोभात कपात करू नकोस.

तुझा,
धाकटा


घर
९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गृहपाठाचं उत्तर लिहिते. बाटली नमुनेकाकांनी भरली. ते पुलाच्या दोन किलोमीटर अलीकडे उभे होते. मी तिथे नव्हते. सही मात्र माझी आहे.

चादर बदलताना गादीखाली पेपर सापडला. तक्ता वाचला, माझं नाव वाचलं, आणि बाबांना न सांगता दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमध्ये जाऊन बसले. नमुनेकाकांनी सरकून जागा दिली.

आत्या, डांबरी रस्ता पुलापर्यंत जातच नाही. अकरा वर्षांपूर्वी दरड कोसळली, तेव्हापासून आमच्या बाजूच्या गाड्या तिथेच वळवतात. तुमच्या दुधाची गाडी कच्च्या रस्त्याने धडपडत येते, पण कार्यालयाची जीप कच्च्या रस्त्यावर न्यायला मनाई आहे. तिथे एक टपरी आहे. जीप टपरीशी थांबते, ड्रायव्हर चहा मागवतो आणि नमुनेकाका दोरीला बांधलेली बादली घेऊन खाली उतरतात. फॉर्मवर ‘ठिकाण: सीमेवरील पूल’ हे छापलेलंच असतं. छापलेलं असल्यामुळे ते कुणी भरत नाही, आणि भरत नसल्यामुळे कुणी वाचतही नाही. त्या मंगळवारी मी तपासलेल्या प्रत्येक बाटलीच्या फॉर्मवर ते होतं.

टपरीच्या बरोबर वर, वळणावर, कोंबड्या कापून बर्फात भरण्याचा कारखाना आहे. आमचा. आमच्या देशातला. भिंतीवर एक मोठी हसरी कोंबडी रंगवलेली आहे, डोक्यावर आचाऱ्याची टोपी घातलेली. तिच्या पायाखालून पाइप निघतो आणि नदीत सुटतो. मी तिथे वाकून पाहिलं. नमुनेकाका म्हणाले, ताई, वाकू नका. पण मी एकदा न बघता टाकून दिलं होतं ना, म्हणून या वेळी बघितलं. आतडी होती. पिवळ्या चरबीचे गोळे खडकांना साबणासारखे चिकटले होते. पाय होते, नखांसकट, एकाच दिशेला वळलेले. पिसांचा थर इतका जाड की त्यावर एक कावळा निवांत चालत होता. तिथे एक बाटली भरली, आणि वास तोच. माझ्या हातांचा.

नमुनेकाकांना विचारलं की अकरा वर्षांत पुलावर का गेला नाहीत. ते म्हणाले, गेलो असतो की, पण मला कुणी विचारलंच नाही.

मग मी चालत गेले, ऑफिसच्या चपला घालूनच. एक पट्टा तुटला. पूल छोटासा आहे, मध्ये पांढरी रेघ, रेघेच्या पलीकडे लगेच पायऱ्या सुरू होतात आणि धुक्यात जातात. तिथून दुसरी बाटली भरली. आत्या, मला वाटलं ती रिकामीच आहे. पाणी दिसेचना.

दोन्ही बाटल्या तपासल्या आणि साहेबांसमोर ठेवल्या. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला, सगळं शांतपणे ऐकलं. मला वाटलं झालं. मग ते म्हणाले की फॉर्मवर पूल लिहिलंय म्हणजे तो पूलच, तक्ता मंत्रालयात गेलेला आहे. पण ही नवी बाटली उत्तम आहे. पूल अर्धा आपला आहे ना? मग ही ‘आपण’च्या रकान्यात घालू, पुढच्या अहवालात आपला आकडा अजून सुधारेल.

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. तुमचं स्वच्छ पाणी आमच्या नावावर आणि आमची आतडी तुमच्या नावावर. आणि दोन्हींखाली माझी सही.

तुमचं दूध पंधरा तारखेला थांबणार आहे. मला एक एप्रिलला कायमचं पत्र मिळणार आहे. काय करू ते तू सांग. मागच्या पत्रात मी विचारलं होतं की तुम्ही राहता कसे, ते वाक्य जमलं तर खोड.

लोभ मागायची आज लाज वाटते, तरी मागते.

तुझी,
बारकी


दूध संकलन केंद्र
२० मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

ते वाक्य खोडलेलं नाही. राहू दे, पुढे उपयोगी पडेल.

पंधराला गाडी पुलावर अडवली. ड्रायव्हरने हातापाया पडून पाहिलं, दुपारपर्यंत उन्हात थांबला. परत आला तेव्हा झाकण उघडण्याआधीच मला कळलं. चाळीस घरांचं दूध, तीन डोंगरांवरून पाठीवर आणलेलं, सगळं नासलं होतं. ते मी ओतायला लावलं. कुठे ओतणार? आमच्याकडे सपाट जागा म्हणजे चपातीएवढी. उतारावर ओतलं आणि ते गेलं नदीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. गाई काही पेपर वाचत नाहीत, दूध द्यायच्या थांबल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी काठावर आंबूस पिवळी साय धरली, तिच्यावर माश्या, आणि खाली पुलापर्यंत पाणी पांढुरकं. आयुष्यभर दूध हुंगून पास-नापास करत आले, पण त्या दिवशी पहिल्यांदा नाकाला पदर लावला. चौथ्या दिवशी खड्डा खणायला सांगितलं. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण मी रागात होते आणि नदी खाली तुमच्याकडे जात होती. हे तुझ्याखेरीज कुणाला लिहिणार नाही.

आमच्या बाजूचा साहेबही येऊन गेला. लहान देशाचा साहेब लहान असतो असं समजू नकोस. त्याने उलट अहवाल बनवून आणलाय, नाव ‘शेजारी आणि आपण’. त्यात आमचं पाणी इतकं शुद्ध की देवाच्या मूर्तीलाही ते घालायला बिचकावं. मी विचारलं, बाटली कुठे भरली? म्हणाला, विश्रामगृहामागच्या झऱ्यावर. झरा शेवटच्या घराच्याही वर आहे, त्यात अजून कुणी बोटसुद्धा बुडवलेलं नाही. फॉर्मवर मात्र ‘सीमेवरील पूल’. मी विचारलं, पुलावर का नाही गेलात? म्हणाला, बाई, अकराशे पायऱ्या आहेत.

बघ म्हणजे. तुमचा साहेब चढत नाही, आमचा उतरत नाही. पूल मध्ये रिकामा.

त्याला त्या कागदावर केंद्रप्रमुख म्हणून माझी सही हवी होती. म्हणाला की तुमचंच दूध सुटेल, तुमचीच चाळीस घरं. मी दिली नाही. आता पुन्हा माझ्याशी कुणी बोलत नाही. कॅन येत नाहीत, नाहीतर तेही दणकन ठेवले असते.

तू विचारतेस काय करू. मी सांगणार नाही. चाळीस घरं माझ्या तोंडाकडे बघताहेत, म्हणजे मला स्वार्थ आहे. तुझा बाप सांगेल ते घेऊ नकोस, त्यालाही आहे. एवढंच सांगते, की आता पुलावर बाटली भरलीस तर तिच्यात आमचं नासलेलं दूध सापडेल. सापडलं तर तेही लिही. आमचं आहे म्हणून वगळू नकोस.

चप्पल शिवून घे. आशीर्वाद कमी पडणार नाहीत, ते ओतून द्यायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.

तुझी आत्या


घर
३१ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

लिहिलं.

तुझं पत्र आल्यावर सत्तावीस तारखेला पुन्हा पुलावर गेले. खरंच आंबूस वास होता. काठाच्या दगडांवर साय वाळून पापडासारखी उठली होती. तिसरी बाटली भरली आणि तपासली. आकडा वाईट आला. कारखान्याच्या जवळपासही नाही, पण वाईट. तो लिहिताना मला रडू आलं, कारण तो नसता तर माझं म्हणणं किती सुटसुटीत झालं असतं.

आमच्याकडे एक बांधीव नोंदवही असते. पानांवर आकडे छापलेले, पान फाडलं तर लगेच कळतं. तिच्यातल्या हरकतीची फेरतपासणी वरच्या कार्यालयाला करावीच लागते, असा जुना नियम आहे. कुणी हरकत लिहीत नाही म्हणून तो कुणाला माहीत नाही. मी दोन समोरासमोरची पानं घेतली. डावीकडे मथळा दिला ‘पाहिलं’. त्याखाली तीन बाटल्या, दोन ठिकाणं, दोन तारखा. कारखान्याचा पाइप, पुलाचं पाणी, मग तुमचं दूध. उजवीकडे ‘ऐकलं’, आणि त्याखाली एकच ओळ: ४ फेब्रुवारीच्या आधी मी सही केलेला नमुना पुलावरचा आहे, असे मी ऐकले होते. ती सही मी मागे घेते.

साहेबांनी वही वाचली. ओरडले नाहीत. म्हणाले की नाव बारकी आणि अक्षर केवढं मोठं. मग ड्रॉवर उघडून एक कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. माझं कायमचं पत्र. टाइप केलेलं, फक्त त्यांची सही बाकी. म्हणाले, त्या दोन पानांवर शाई सांडू शकते, दौती पडतात कधीकधी. मी वही मिटून त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी तो कागद परत ड्रॉवरमध्ये ठेवला आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले.

एक गोष्ट बाबांना सांगितलेली नाही. कागद समोर आला तेव्हा माझा हात पुढे झाला होता. टेबलावरून वीतभर. मी तो मागे घेतला, पण तो गेला होता, मी पाहिलं. आत्या, त्या पाइपासमोर आली नाही एवढी किळस मला त्या हाताची आली. घरी आल्यावर धुतला नाही. धुऊन काय होणार होतं?

बाबा रागावलेत. पण काल त्यांनी मला मोजक्या शब्दांत विचारलं की तो डांबरी रस्ता नेमका कुठे संपतो.

लोभ ठेव, डाव्या पानावर.

तुझी,
बारकी


घर
२४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या दूध केंद्रात बसून ऐकावं असं घडलंय, म्हणून मी स्वतः लिहितो.

पोरीच्या त्या दोन पानांमुळे वरच्या कार्यालयाची माणसं फेरतपासणीला निघाली. दोन जीप, चार साहेब, बारकीचा साहेबही त्यांत. तारीख नमुनेकाकांनी हळूच कळवली. मी पहाटेची बस पकडली. वर्दी घातली नाही, ती आता पोटावर बसत नाही. पण शिट्टी घेतली.

जीप आल्या, टपरीशी थांबल्या, ड्रायव्हरने चहा सांगितला. एक साहेब पाण्याकडे उतरू लागला, पोरीने लिहिलेल्या अगदी त्याच जागी. मी शिट्टी मारली. ताई, दहा वर्षांत मारली नव्हती, पण काय वाजली! चौघे जागच्या जागी उभे. सवय असते माणसाला. मी हात आडवा केला, दुसऱ्या हाताने वरचा रस्ता दाखवला, जशी गाडी वळवतात तसा. बारकीच्या साहेबाने विचारलं, तुम्ही कोण. मी म्हणालो, या चौकाचा हवालदार. कुठला चौक ते कुणी विचारलं नाही. नमुनेकाका बादली घेऊन चालू लागले, त्यांच्यामागे ते चौघे, आणि सगळ्यांत मागे मी. दोन किलोमीटर. बारकीच्या साहेबाला तीन वेळा बसावं लागलं.

त्याआधी मी त्यांना कारखान्याच्या पाइपाशी उभं केलं होतं. एकाने तिथेच ओकलं. मला वाटतं मीही ओकलो असतो, पण शिट्टी तोंडात होती.

मग पुलावर उभा राहिलो. पांढऱ्या रेघेच्या या बाजूला आमचा देश, मागे बघावं तेवढा पसरलेला. त्या बाजूला तुझा, नाकासमोर उभा. इतकी वर्षं तुझ्याशी भांडलो की आमचा मोठा. खरं म्हणजे दोन्ही मी पाहिलेच नव्हते, एका चौकात उभा राहून बोलत होतो. साय गेली होती, पाणी स्वच्छ होतं. ओंजळभर प्यायलो. इतकं गार, की उरलेला दात दुखला.

पोरीला गप्प बसवायला मी तुला सांगितलं होतं. ते तू केलं नाहीस, त्याबद्दल भांडण पुढच्या पत्रात. तिची नोकरी गेली त्याचं मला दुःख आहे, ते आहेच. खाली जागा उरली आहे, तिथे तिलाही लिहायचं आहे.

तुझा,
धाकटा

ती. आत्यास शि. सा. न.

बाबांनी शाई बरीच संपवली, म्हणून थोडक्यात.

पाहिलं: साहेबांची बदली झालेली नाही, ते त्याच खुर्चीत आहेत. माझ्या टेबलावर दुसरी मुलगी बसते. तिच्या हातातला फॉर्म नवा छापलेला आहे, आणि त्यावर ‘ठिकाण’ या शब्दापुढे आता नुसती रेघ आहे. कारखान्याचा पाइप तसाच आहे. माझ्या दोन पानांखेरीज त्याबद्दल कुणाच्याच कागदात एक ओळ नाही, ना त्यांच्या, ना तुमच्या साहेबाच्या. कोंबडी अजून हसते आहे. टपरीवाला म्हणतो, तुम्ही कशाला त्रास करून घेता.

ऐकलं: फेरतपासणीत पुलाचं पाणी पास झालं. पहिल्या तक्त्यात छपाईची चूक होती असं म्हणणार आहेत. पूल सोमवारी दुधाला उघडणार.

सोमवारी सकाळी मी आणि बाबा रेघेच्या अलीकडे उभे असू. तुमची गाडी प्रत्यक्ष आली तर उजवीकडची शेवटची ओळ मी डाव्या पानावर घेईन. तोवर तीही चंद्रावरचा खड्डा आहे.

चप्पल शिवली आहे.

तुझी,
बारकी